डावा नळ, उजवा नळ

सहाशे माणसं जुन्या शीतगृहात श्वास रोखून बसली होती. पूर्वी इथे सफरचंदांच्या पेट्या रचून ठेवायचे. आता पेट्यांच्या जागी खुर्च्या होत्या आणि सफरचंदांच्या जागी आम्ही. पुढे मंच, मंचावर काचेचं मोठं तबक, तबकात काळसर ओली माती आणि मातीमागे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले वायुगुरू.

"ही माती वीस हजार वर्षांची आहे," ते माइकमध्येही इतक्या हळू बोलायचे की पुढचे लोक मागच्यांना दटावून गप्प बसवायचे. "तळ्याच्या तळाची. हिनं बर्फ पाहिलाय. हिनं वणवे पाहिलेत. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांचे पाय हिनं ओळखलेत. तुम्ही विसरलात, ही विसरलेली नाही. या मावशी, घाबरू नका, माती चावत नाही. मनगट टेकवा नुसतं."

पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई पुढे झाल्या. त्यांनी मनगट मातीवर टेकवलं आणि दहा सेकंदांत ओरडल्या, "अगं बाई! थंड! बर्फात घातल्यासारखं!"

"एकदा तापमान दाखवा लोकांना," गुरू म्हणाले. सेवकानं मातीत थर्मामीटर खोचला आणि आकडा वाचला. चोवीस अंश. खोलीत होतं तेवढंच. "माती थंड नाही, लोकहो! थंडी आठवली ती मावशींच्या शरीराला. ह्यांचे पूर्वज बर्फातून आले."

मग वजनकाट्यावर काम करणारा एक दांडगा माणूस आला. तेच तबक, तीच माती. त्यानं मनगट टेकवलं आणि हात झटकला. "भाजतंय हो!"

"ह्यांचे वाळवंटातून," गुरू शांतपणे म्हणाले आणि टाळ्यांनी पत्रे थरथरले.

टाळ्या ओसरल्यावर त्यांनी बोट उचललं आणि माझ्याकडे रोखलं. "आणि ज्यांनी हे सत्य पहिल्यांदा सांगितलं, त्या शास्त्रज्ञ बाई आज स्वतः आल्यात. उभ्या राहा, मॅडम."

सहाशे माना वळल्या. लोक उभे राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवू लागले. माझा दादा ह्याच इमारतीत, मंचामागच्या खोलीत गुदमरून मेला, त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

मी उठले नाही. खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसून राहिले आणि त्या क्षणी ठरवलं की ह्या माणसाला मी ह्याच मंचावर, ह्याच माइकसमोर, ह्याच लोकांदेखत नागडा करीन. मी सत्यशोधनाला निघाले होते असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आत्ताच काढून टाकते. मला सूड हवा होता.

पण गुरू म्हणत होते त्यात एक कण खरा होता, आणि तो कण मीच त्यांना दिला होता.

माझं काम जुन्या हवेचं. तळ्याच्या तळाशी गाळ साचतो, थरावर थर. प्रत्येक थरात त्या काळातल्या झाडांचे परागकण अडकून पडतात. आम्ही लांब नळी खुपसून तो गाळ काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजतो. गवताचे कण जास्त निघाले तर तो काळ कोरडा, दाट झाडीचे निघाले तर ओला. असे शेकडो तळ्यांचे आकडे, जोडीला गुहांत सापडलेले उंदरांचे दात, हरणांची हाडं आणि माणसांच्या चुलींची राख, हे सगळं संगणकाला द्यायचं. मग मॉडेल सांगतं की वीस हजार वर्षांपूर्वी बर्फ कुठवर होता, जंगल कुठे आक्रसलं, कुठला प्राणी कुठल्या खोऱ्यात तगून राहिला आणि माणसांच्या टोळ्या कुठल्या वाटेनं सरकल्या असाव्यात. 'असाव्यात' हा शब्द आमच्या धंद्यात फार मोलाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयात मी ह्यावर भाषण दिलं. पहिल्या रांगेत एक गोड चेहऱ्याचा माणूस भराभर लिहून घेत होता. तेव्हा तो घरोघर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. शेवटी त्यानं प्रश्न विचारला, "मॅडम, म्हणजे आपल्या पूर्वजांची हवा आपल्या शरीरात अजून आहे?"

मला उशीर होत होता. मी हसून म्हटलं, "एका अर्थी, हो." मला म्हणायचं होतं की हजारो पिढ्यांत, लाखो माणसांच्या समूहात हवामानाच्या पुसट खुणा उरतात. ते सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी ती वाचवली.

वर्षभरात तो माणूस वायुगुरू झाला. आमच्या प्रयोगशाळेतले शिपाईकाका त्याला गॅसगुरू म्हणायचे. शीतगृहाच्या दारावर त्यानं हातभर अक्षरांत फलक लावला: 'पूर्वजांची हवा आपल्या शरीरात अजून आहे. – हवामानशास्त्रज्ञ.' 'एका अर्थी' हे दोन शब्द त्यानं गिळले होते. उपचार सोपा होता. तुमचे पूर्वज थंडीतले निघाले तर रोज दोन तास बर्फखोलीत बसायचं, गरमीतले निघाले तर धगखोलीत. आणि औषधं दारातल्या टोपलीत टाकायची, कारण औषधं म्हणे शरीराची आठवण पुसतात.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस वर्षं लिफ्टच्या विहिरींतली धूळ खाऊन त्याला दमा जडला होता. खिशात दम्याचा पंप आणि तोंडात विनोद, असा माणूस. "छोटी," तो मला म्हणाला, "तुझ्या गुरूकडे जाऊन आलो. मी बर्फाळ निघालो."

"माझा गुरू? दादा, तो भामटा आहे."

"फलकावर तुझं वाक्य आहे की. मी वहिनीला म्हटलं, आपली छोटी म्हणते म्हणजे काहीतरी असणारच."

"मी असं म्हटलेलं नाही. निदान पूर्ण असं नाही."

"मग नेमकं काय म्हटलंस?"

मी त्या आठवड्यात अहवालात गळ्यापर्यंत बुडाले होते. "रविवारी घरी येऊन नीट सांगते," म्हटलं. दादा शनिवारी गेला. बर्फखोलीचा चौथा दिवस होता. त्याला धाप लागली तेव्हा सेवक म्हणाले, "उत्तम! त्रास वाढला म्हणजे शरीर ओळखू लागलं. सहन करा." त्याचा पंप दारातल्या टोपलीत होता. रुग्णवाहिका बोलवायला त्यांनी चाळीस मिनिटं घेतली.

पोलिसांनी कागद बघितले. 'मी स्वेच्छेने' पासून सुरू होणाऱ्या फॉर्मवर दादाची सही होती. "बाई, माणूस स्वतःच्या पायांनी गेला," अधिकारी म्हणाला. "त्यात लोक म्हणतात, आम्हाला हाताला प्रत्यक्ष गार लागतं. आता प्रत्यक्ष लागतं त्याला काय करणार?"

आणि वहिनी. वहिनी शिवणकाम करते. कापड हातात घेतलं की किती आटेल ते सांगणारी बाई. दादा गेल्यावर ती गुरूचं दार तोडेल असं मला वाटलं होतं. ती तिथे सेविका झाली. त्या दिवशी सहाशे माणसांत ती मला दिसली ती मंचाबाजूच्या हात धुण्याच्या कट्ट्याशी, निळा ॲप्रन घालून येणाऱ्याजाणाऱ्यांना टॉवेल देत. कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं.

"वहिनी, ह्यांनी दादाला मारलं."

"तुझ्या दादाचाच विश्वास डळमळला होता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चौथ्या दिवशी आत जाताना पंप परत मागितला त्यांनी. गुरुजी म्हणाले, तिथेच चुकलं."

मला तिचा हात पिरगाळावासा वाटला. मग कळलं की ती असं का म्हणतेय. गुरू खोटा ठरला तर तिनंच दादाला स्वतःच्या हातांनी गरम स्वेटर चढवून मरायला पाठवलं, असा अर्थ होत होता. एवढं ओझं कोण उचलेल? मीही 'एका अर्थी, हो'चं ओझं गुरूवर ढकलायलाच तर आले होते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तू चिडली आहेस. सूड आणि विज्ञान एका टेबलावर मांडू नकोस."

"मांडणार, सर. फक्त आकडे खोटे लिहिणार नाही."

मंचामागे भिंतीवर गुरूचा नकाशा होता. त्यावर बोट ठेवून तो सांगायचा, तुमचे पूर्वज ह्या खोऱ्यातले, तुमचे त्या डोंगरातले. तो नकाशा माझाच होता, आमच्या जुन्या अहवालातला. त्यात उत्तरेकडे जंगलाचा एक हिरवा पट्टा आहे. तो पट्टा ही माझी चूक. नंतर तिथल्या गाळात झाडांचे कण निघालेच नाहीत, निघालं ते नुसतं गवत. आम्ही चूक छापून कबूल केली आणि नकाशा बदलला. गुरूची माती मात्र अजून रोज पाचसात जणांना त्या नसलेल्या जंगलातून आणत होती.

म्हणजे माती काही सांगत नव्हती, नकाशाच बोलत होता. पण हाताला लागणाऱ्या गारव्याचं काय? तो खोटा नव्हता. मी स्वतः मनगट टेकवलं असतं तर मलाही लागला असता ह्याची मला खात्री होती. मी पुन्हा वहिनीकडे गेले, घरी, भर दुपारी. ती काज करत होती. मी वाद घातला नाही.

"एकच विचारते. कट्ट्यावर नळ किती?"

"दोन. डावा आणि उजवा."

"कोण कुठल्या नळावर जातं?"

"फॉर्मवर खूण असते. त्याप्रमाणे मी पाठवते. कोपरापर्यंत धुवायचं, मग पंधरा मिनिटं मौन खोलीत बसायचं, मग दर्शन." तिनं दोरा दातांनी तोडला. "शुद्धीचं पाणी आहे ते. निलगिरीचा वास येतो."

"दोन्हींना?"

"दोन्हींना."

"मग नळ दोन कशाला?"

सुई थांबली. मीही उठले.

नऊ दिवसांनी ती प्रयोगशाळेत आली. आयुष्यात पहिल्यांदाच. माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाशेजारी तिनं ॲप्रनचे दोन खिसे उलटे केले. डाव्यातून पांढरी बटणं पडली, उजव्यातून काळी.

"डाव्या नळाचा माणूस आत 'थंड' ओरडला की एक पांढरं इकडे टाकलं. उजव्याचा 'गरम' ओरडला की काळं तिकडे. उलट झालं तर लाल टाकायचं ठरवलं होतं." तिनं मूठ उघडली. लाल बटणं सगळी तिच्या मुठीतच होती. "एकही लागलं नाही, छोटी. एकही नाही."

तिला अजून काही सांगायचं होतं.

"काल मी एकाला मुद्दाम चुकीच्या नळावर पाठवलं. फॉर्मवर डावी खूण, धाडला उजव्यावर. गुरुजी म्हणाले, तुमचे पूर्वज बर्फातले. आणि तो ओरडला, आई गं, भाजतंय!"

"मग गुरू काय म्हणाले?"

"म्हणाले, बर्फाच्या पोटात अग्नी असतो." वहिनीनं मूठ मिटली. "लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, सवयीनं. मग माझ्याच हातांकडे बघत बसले. मीच पाठवत होते ना एकेकाला. ह्याच हातांनी." तिनं पिशवीतून शाईच्या दोन बाटल्या काढल्या, आत दोन्ही नळांचं पाणी. "हे कुणाकडून तरी तपासून घे. आणि मग मला सांग, त्याचं काय करायचं."

"काय करायचं म्हणजे?"

"शिवायचं की उसवायचं," वहिनी म्हणाली.

शेजारच्या इमारतीतल्या रसायनवाल्या बाईंनी दोन दिवसांत चिठ्ठी पाठवली. डाव्या पाण्यात पुदिन्याचं सत्त्व, जे लावलं की कातडीला थंडीचा भास होतो. उजव्यात मिरचीचं, पातळ केलेलं. दोन्हींत वास झाकायला निलगिरी. हाताच्या आतल्या नाजूक कातडीवर दोन्ही दहापंधरा मिनिटांत काम करू लागतात, म्हणून ते मौन. ओल्या मातीवर हळूच पंखा सोडला की पुदिना आणखी झोंबतो. बाकी काम फॉर्म करत होता. आजोबांचं गाव कुठलं, धंदा काय, आजार काय, सगळं तुम्हीच लिहून द्यायचं आणि गुरूनं ते मातीत वाचायचं. वीस हजार वर्षांची ती माती शीतगृहामागच्या खड्ड्यातली होती, हेही वहिनीनंच पाहिलं होतं.

पुढच्या महिन्याच्या महादर्शनाला आम्ही तयारीनं गेलो. मॉडेल खरं की खोटं हे तपासायची आमच्यात एक रीत आहे. उत्तर आधीच माहीत असलेला एक नमुना लपवून ठेवायचा आणि मॉडेलला विचारायचं, ह्याचं काय? चुकलं तर मॉडेलचा कान धरायचा. गुरूसाठी मी असाच नमुना शोधला होता. वहिनीच्या गिऱ्हाइकांपैकी दोन निवृत्त शिक्षिका, सख्ख्या जुळ्या बहिणी, एक गणिताची आणि एक चित्रकलेची. नाकाच्या शेंड्यावरच्या तिळापर्यंत सारख्या. आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या पोरांना पकडण्यात गेलेल्या त्या दोघी ऐकूनच खूश झाल्या.

गणिताच्या बाईंनी फॉर्मवर लिहिलं, आजोबा डोंगरातले, धनगर. चित्रकलेच्या बाईंनी लिहिलं, आजोबा मिठागरातले. एक डोक्याला रुमाल बांधून सकाळी गेल्या, दुसऱ्या काळा चष्मा लावून तासाभरानं. गुरूनं पहिलीला बर्फातून आणलं, दुसरीला तापलेल्या वाळूतून. दोघींनी मनापासून किंचाळून दाखवलं. चित्रकलेच्या बाई जरा जास्तच किंचाळल्या.

मग दुसऱ्या बाई मंचावरून खाली उतरल्याच नाहीत. त्यांनी चष्मा काढला. पहिल्या बाई रुमाल सोडत वर चढल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"गुरुजी," गणिताच्या बाई माइक ओढून म्हणाल्या, "आमची आई एक. बाप एक. जन्मात अंतर अकरा मिनिटांचं. मग मी बर्फातून आले आणि ही वाळवंटातून, ते कुठल्या वाटेनं हो?"

पहिल्यांदा हशा पिकला. गुरू हसले. "जुळे असले तरी आत्मे भिन्न—"

"तुम्ही आत्मा म्हणाला नव्हता. शरीर म्हणाला होतात. पूर्वज म्हणाला होतात."

"एकीच्या मनात शंका असेल तर माती—"

"दोघींच्या होती!" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

सेवक पुढे सरसावले. तेवढ्यात मी मंचावर चढले आणि दुसरा माइक घेतला. "ह्या फलकावरच्या शास्त्रज्ञ बाई म्हणजे मीच," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आता पंधरा मिनिटं द्या." लोकांनीच सेवकांना मागे ओढलं. मागच्या दारातून वहिनी आली, दोन्ही हातांत दोन नळांच्या पाण्याच्या बादल्या. तिच्यामागे आणखी चार सेविका बादल्या घेऊन. त्यांनाही वहिनीनं बटणं दाखवली होती.

"प्रत्येकानं डावा हात ह्या बादलीत, उजवा त्या बादलीत बुडवायचा. कोपरापर्यंत. दमेकऱ्यांनी आणि पोरांनी नाही. हात डोळ्यांना लावायचा नाही."

रांग लागली. वहिनी गुरूसमोर बादल्या ठेवून उभी राहिली. "तुम्हीही धुवा, गुरुजी. शुद्धीचं पाणी आहे, तुम्हीच म्हणता."

नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं. सहाशे माणसांचे डोळे हातांवर होते. त्यानं हसत दोन्ही हात बुडवले.

मग त्या पंधरा मिनिटांत मी ते सांगितलं जे दोन वर्षांपूर्वी पाच मिनिटं वाचवून सांगितलं नव्हतं. हवामान बदलतं तेव्हा काही प्राणी संपतात, काही सरकतात, काही तगतात. माणसांचे समूह घटतात, वाढतात, वाट बदलतात. हे खरं आहे आणि अद्भुत आहे. पण ते हजारो वर्षांचं, लाखो माणसांचं गणित आहे. त्यातून एका मावशीच्या मनगटाचं काही निघत नाही. तुमचे पूर्वज एका जागचे नव्हतेच. वीस हजार वर्षं मागे गेलात तर ते इतके होतात की त्यांत थंडीतलेही सापडतील, गरमीतलेही. आणि त्यातल्या कुणाच्याही हवेत बसून दमा बरा होत नाही. मी लोकांना नकाशावरचा हिरवा पट्टा दाखवला. "इथून आलेले किती जण आहेत?" साठसत्तर हात वर गेले. "इथे जंगल नव्हतं. ती माझी चूक होती. मी ती छापून मान्य केली. ह्यांनी मात्र तुम्हाला तिथून आणलं."

एवढ्यात पोस्टातल्या मावशी उठून उभ्या राहिल्या. "अहो!" त्या ओरडल्या. "माझा डावा हात बर्फातून आलाय आणि उजवा वाळवंटातून!"

आणि मग सभागृह फुटलंच. कुणी हात झटकत होतं, कुणी शेजाऱ्याला दाखवत होतं. वजनकाट्यावरचा दांडगा माणूस दोन्ही हात वर करून खोखो हसत होता आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याच्या आईची साखरेची औषधं त्या टोपलीत पडली होती. हसू थांबलं तसे लोक दारातल्या टोपलीकडे बघू लागले, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

गुरूला घाम फुटला होता. त्यानं सवयीनं उजव्या हातानं कपाळ पुसलं, मग डोळे. दुसऱ्याच क्षणी तो किंचाळला. "पाणी! डोळे! पाणी द्या कुणीतरी!"

पाण्याचा पेला माझ्यासमोरच होता. मी तो हातात घेतला. तो माझ्याकडे चेहरा करून उभा होता, डोळे घट्ट मिटलेले, नाक गळत असलेलं.

"उत्तम," मी माइकमधून म्हटलं. "त्रास वाढला म्हणजे शरीर ओळखू लागलं. सहन करा."

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही मोजू लागली. चाळीसपर्यंत मोजलं आम्ही. त्याच्या चाळीस मिनिटांना आमचे चाळीस आकडे. मग मी पेला त्याच्या हातात दिला. माझ्या मनात दया आली म्हणून नाही दिला. तो आंधळा झाला असता तर लोकांना त्याचा कळवळा आला असता, आणि तेवढंही मला त्याला मिळू द्यायचं नव्हतं.

त्या दिवशी एकशे बारा माणसांनी जबाब दिले. सेविकांनी पाण्याच्या बाटल्या, सत्त्वाचे डबे आणि खुणांचे फॉर्म पोलिसांच्या टेबलावर नेऊन ठेवले. 'मी स्वेच्छेने' ह्या कागदाला आता अर्थ उरला नाही, कारण फसवून मिळवलेल्या सहीला स्वेच्छा म्हणत नाहीत. टोपलीतली औषधं वहिनीनं एकेकाच्या घरी नेऊन दिली. बर्फखोलीला टाळं लागलं आणि गुरूला अटक झाली.

मला समाधान झालं का, असं सरांनी विचारलं. झालं. खोटं कशाला बोलू? दादा परत आला नाही, पण समाधान झालं. गुरूला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. प्रत्येक तारखेला मी आणि वहिनी कोर्टात पहिल्या बाकावर बसतो, त्याला दिसेल अशा बेतानं.

मागच्या तारखेला आम्ही लवकर पोचलो. गुरू जामिनावर सुटलेला, बाहेरच्या व्हरांड्यात एका तरुण कारकुनाशेजारी बसला होता. कारकुनाचा तळवा त्याच्या हातात होता.

"तुमच्या तळव्यात समुद्र आहे," तो हळू आवाजात सांगत होता. "म्हणून तुम्हाला ही पाठदुखी. मिठाच्या हवेत—"

कारकून मान डोलावत होता. अंगठ्यानं तळवा चोळत म्हणाला, "खरंच काहीतरी जाणवतंय हो."

मी कारकुनाच्या दुसऱ्या बाजूला बसले. "जाणवत असेल," मी म्हटलं. "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. फक्त ह्यांना एक प्रश्न विचारा. तुमचं म्हणणं चूक ठरायचं असेल तर काय घडावं लागेल?"

कारकुनानं तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. सरळ मनाचा पोरगा होता, उत्तराची वाट बघत राहिला. गुरू हसला, त्यानं घसा खाकरला, छताकडे बघितलं. उत्तर नव्हतं. माझ्याकडे माझ्या प्रत्येक नकाशासाठी ते असतं, डॉक्टरकडे प्रत्येक गोळीसाठी असतं, वहिनीकडे तर लाल बटणं होती. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्या हातात तळवा देऊ नका. देवाच्या नावानं मागो, पूर्वजांच्या नावानं मागो की माझ्यासारख्या शास्त्रज्ञाच्या नावानं. आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तुमची औषधं तुमच्याच खिशात ठेवा.

कारकुनानं हळूच हात सोडवून घेतला. आतून पुकारा झाला. मी, वहिनी आणि कारकून उठलो आणि गुरू आमच्या पुढे आत गेला.